ह्यांच्यासाठी इअरफोन

सोमवार, ५ जानेवारी

सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आमचं नाव. नाव म्हणजे — 'बी विंग, तिसरा मजला, संध्याकाळचा आवाज.' नाव न घेता घेतलेलं नाव! खाली सात अंगठे. त्यातला एक समोरच्या दारातल्या रसिकाचा. परवाच माझ्याकडून वाटीभर साबुदाणा घेऊन गेली.

ह्यांना दाखवलं. म्हणाले, "अंगठेच दाखवतायत ना? दाखवू देत." आणि आवाज आणखी वाढवला.

ह्यांचंही सगळंच चुकतं असं नाही. तीस वर्षं शहाडच्या कंपनीत मशीनच्या घरघरीत काढली, कान उतरलेत थोडे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. रोज सहा ते आठ हॉलमध्ये स्पीकरवर शास्त्रीय गाणं. मी ठाण्याच्या ऑफिसातून सातला येते, चप्पल काढायच्या आत तान अंगावर येते. डोकं आधीच ठणकत असतं.

पण गाणं बंद करा, असं तोंडातून निघत नाही. कंपनी सुटल्यावर हा माणूस महिनाभर खिडकीत नुसता बसून होता. जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या. गाण्यानेच उठवलं त्यांना. तेच काढून घेतलं तर काय उरेल, याची मला भीती वाटते.

मंगळवार, ६ जानेवारी

सातला आले. यमन. दोन गोळ्या घेतल्या. अजून यमनच.

शनिवार, १० जानेवारी

ऋजुताला फोन केला. लेक घोडबंदरला राहते, पण उपाय तयार असतात तिच्याकडे. "आई, बाबांना चांगले इन-इअर घेऊन दे ना! कानात घालतील, तुझी सुटका. आणि प्लीज, स्टेशनबाहेरचे दोनशेवाले नको. बाबा एका मिनिटात फेकून देतील. चार-पाच हजारांत मस्त येतात."

मस्त येतात, पण किती येतात! दुपारभर व्हिडिओ पाहिले. एक पोरगा म्हणतो हा 'किंग' आहे, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात. बेस, मिड्स, साउंडस्टेज. सगळे त्याच त्या धडाम धडाम गाण्यावर तपासतात. तानपुरा कसा वाजतो हे एकालाही माहीत नाही. वहीत सहा नावं लिहिली, चार खोडली. उरले दोन — एक वायरवाला चंदेरी, एक बिनवायरचा काळा. डोळे चुरचुरतायत. मुलगी बघायला सुद्धा लोक एवढी चौकशी करत नाहीत.

रविवार, ११ जानेवारी

ठाण्याला नौपाड्यात एक दुकान आहे, तिथे कानात घालून बघू देतात. ह्यांना अक्षरशः ओढत नेलं. दुकानदार ऋतुराज — तरुण, बोलका. "काका, कोणतं गाणं लावू?"

"गाणं नको. तानपुरा लावा."

तो बघतच राहिला. मग शोधून लावला. हे डोळे मिटून उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागे तीन गिऱ्हाईकं ताटकळलेली. मला कुठे तोंड लपवू असं झालं. वीस मिनिटांनी डोळे उघडले. "काळ्यात खर्ज फुगतो. त्याच्याखाली जोडीच्या दोन्ही तारा बुडतात. चंदेरीत चारही तारा वेगळ्या ऐकू येतात." तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारा एकाच सुरात असतात, तरी ह्यांना त्या दोन म्हणून ऐकू यायला हव्यात!

ऋतुराज म्हणाला, "काका, मी चार वर्षं इथे आहे. असं टेस्टिंग कोणी केलं नाही." ह्यांची छाती फुगली. डाव्या कानाला मधलं रबर, उजव्याला मोठं. दोन कान दोन मापांचे, हेही आजच कळलं.

चंदेरी घेतला. चार हजार आठशे. ह्यांच्या फोनला वायर खुपसायचं भोकच नाही म्हणून जोडायची एक शेपटी वेगळी घ्यावी लागली.

येताना हे खूश होते. कितीतरी दिवसांनी भेळ खाल्ली दोघांनी.

मंगळवार, १३ जानेवारी

देवा!

साडेसातला पोळ्या लाटत होते. घर शांत. वाटलं, जिंकले! एवढ्यात हॉलमधून आरोळी — "वाऽऽ! क्या बात है!" हातातलं लाटणं खाली पडलं. ह्यांना काही झालं असं वाटून धावले. हे आपले खुर्चीत, डोळे मिटून. दोन मिनिटांत पुन्हा — "जियो! अरे जियो!"

दाद देतायत! आयुष्यभर बैठकीत पुढच्या सतरंजीवर बसणारा माणूस. सम आली की दाद जाणारच. कान बंद, म्हणजे आपला आवाज किती चढलाय ते स्वतःला कळत नाही. आधी निदान शेजाऱ्यांना गाणं तरी ऐकू यायचं. आता नुसता आरडाओरडा.

खांद्याला हात लावून सांगितलं. "बरं बरं," म्हणाले. पाच मिनिटांनी — "हाय हाय!"

बुधवार, १४ जानेवारी

रसिकाकडे तिळगूळ द्यायला गेले. "काकू, काल काकांना बरं नव्हतं का? ओरडत होते..." गोड बोला म्हणे!

तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. हसले. हसायचीही ताकद नव्हती.

शुक्रवार, १६ जानेवारी

आज माझ्या हातून व्हायला नको होतं ते झालं.

ऑफिसात इयरएंडची आत्तापासून बोंब. साहेबांनी पूर्ण फाइल परत केली. घरी आले तर जिन्यातच ऐकू आलं — "बहोत अच्छे!" पहिल्या मजल्यावर दोघीजणी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मी आत गेले आणि ह्यांच्या कानातली वायर सरळ उपसून काढली.

"मला शांतता हवी आहे हो! बाकी काही नको! तुमचा तो तानपुरा, ती सम, ती दाद — मला काही देणंघेणं नाही त्याच्याशी! कधीच नव्हतं!"

हे वायरकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला वाटायचं, तूही ऐकतेस."

बत्तीस वर्षं! मी कोथिंबीर निवडत असायची, हे म्हणायचे, "बघ, आता येतो समेवर," आणि मी मान हलवायची. ह्यांना वाटायचं मी ऐकतेय.

पिठलं टाकलं. दोघंही जेवलो.

शनिवार, १७ जानेवारी

माफी मागावी असं सकाळपासून मनात होतं. मागितली नाही. कपडे वाळत घातले, गॅस पुसला, दळण आणलं.

ऋजुताला सांगितलं. म्हणाली, "अगं, मग काळाच घ्यायला हवा होता! त्यात बटण आहे, दाबलं की बाहेरचं पण ऐकू येतं. बाबांना स्वतःचा आवाज कळेल. चंदेरी मला दे, मी वापरते." ऑनलाइन मागवलासुद्धा तिने. उद्या येतोय.

रविवार, १८ जानेवारी

काळा आला. ह्यांच्यासमोर डबी ठेवली. ह्यांनी कानात घातला, तानपुरा लावला. मी श्वास रोखून उभी. आता म्हणणार — खर्ज फुगतो, तारा बुडतात, परत कर.

"छान आहे," म्हणाले.

दोन मिनिटांत पसंती! मला बघायला आले होते तेव्हा याहून जास्त वेळ लावला होता.

"जोडीच्या तारा?" मी विचारलं.

"येतात ऐकू. चालेल गं, सवय होईल."

बुधवार, २१ जानेवारी

तीन दिवस घर शांत. कुकरची शिट्टी ऐकू येते. खालच्या रिक्षावाल्यांची भांडणं ऐकू येतात. हे सहाला खुर्चीत बसतात, कानात काळे, मांडीवर बोटांनी ताल. आठला काढून डबीत ठेवतात. एक "वाहवा" नाही! बटणाचा गुण म्हणायचा.

शनिवार, २४ जानेवारी

संध्याकाळी झोपले! साडेसहाला आडवी झाले ती आठला उठले. डोकं दुखलं नाही. गोळी नाही. किती वर्षांनी असं झालं, आठवत नाही.

उठले तर ह्यांनी कुकर लावून ठेवलेला. म्हणाले, "छान झोपलीस."

सोमवार, २६ जानेवारी

सोसायटीचं झेंडावंदन. रसिका आपणहून म्हणाली, "काकू, आता किती बरं वाटतं हो! काका गुणी झाले." मलाही बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. वाहवासुद्धा मनातल्या मनात द्यायला शिकले म्हणायचे.

मंगळवार, २७ जानेवारी

ऋजुता रागावली. "बाबांचा फोन सारखा बंद लागतो! दोन दिवस करतेय." म्हटलं, चार्जिंगला लावायचा विसरत असतील, तुला माहितीय ना. ह्यांना सांगितलं. "हो, बघतो," म्हणाले. मग मीच माझ्या फोनवरून बोलणं करून दिलं. दोन वाक्यं बोलले. हल्ली बोलणंच कमी झालंय ह्यांचं. वय!

शुक्रवार, ३० जानेवारी

दमले. पण साधं दमणं, डोकं न दुखता. ह्यांना म्हटलं, पाच हजार वसूल झाले. हे हसले नुसते.

शनिवार, ३१ जानेवारी

दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. सूरज, स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्त करतो. "काकू, काकांचा फोन पडून आहे ना इकडे. डिस्प्ले फुटलेला, बावीस तारखेला टाकून गेलेले. दुसऱ्याच दिवशी रेडी झाला. दुसरा नंबर तुमचा दिलेला म्हणून केला."

बावीस तारखेपासून.

नऊ संध्याकाळी हे कानात घालून बसले, ताल धरून बसले, आणि आत काहीच वाजत नव्हतं. चुकूनही दाद निघू नये, मला झोप लागावी म्हणून. आणि मला कळलं नाही, मी खूश होते!

फोन घेऊन घरी आले. सव्वासहा झाले होते. हे खुर्चीत, डोळे मिटून, मांडीवर बोटं चाललेली. समोर जाऊन उभी राहिले.

"काय लावलंय आज?"

"मारवा," म्हणाले. "तू पड जरा. दमली असशील."

फोन माझ्या पर्समध्ये होता.