नळी जपून धर

३ मार्च, सकाळी ७
आजपासून शिस्त. गॅमा किरणांनी पाइपच्या जोडाचा फोटो काढून झाला की दर वेळी किरणं मोजायचं मीटर लावायचं आणि सोर्स पेटीत परत आला की नाही ते बघायचं. महिनाअखेरीस सेफ्टी ऑफिसरची परीक्षा. एकोणीस वर्षं हेच काम केलंय. परीक्षा म्हणजे डाव्या हातचा मळ.

३ मार्च, संध्याकाळ
बावीस जोड झाले. शेवटच्या शॉटला, पेटीतून सोर्स जोडापर्यंत नेणारी नळी मुडपली. सोर्स, म्हणजे पेन्सिलच्या टोकाएवढी किरणोत्सारी इरिडियमची गोळी, मागे ओढताना हँडल एकदम हलकं झालं. म्हणजे आली परत. मीटरचा काटा मात्र टोकाला चिकटला. जुनं मीटर, नको तेव्हा बोंब मारतं. सेल काढून टाकले.
मदतीला मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. दोन मुलींचा बाप, मीच त्याला इथे चिकटवलं. गाडीत मागे जागा नव्हती, म्हणून नळी मांडीवर जपून धर म्हटलं. मीटर का ओरडत होतं, विचारत होता. बिघडलंय म्हटलं. चाळीस मिनिटं हलला नाही. गुणी माणूस.

४ मार्च
मेहुण्याला रात्रभर उलट्या. बाहेरचं अरबटचरबट खातो, दुसरं काय होणार?
मुडपलेली नळी गोदामात टांगली, दुसरी लावून आठ जोड केले. सगळ्या फिल्म कोऱ्या. लॉट खराब.

५ मार्च
नवा लॉट. तरी कोऱ्या.
पुस्तक उघडलं, म्हणजे अभ्यासही झाला. इरिडियम चौऱ्याहत्तर दिवसांत निम्मं होतं. आपला सोर्स पाच महिन्यांचा. निम्म्याचं निम्मं पाव, आणि पाव म्हणजे जवळजवळ काहीच नाही. म्हातारा झाला बिचारा. साहेबांना नवा मागवायला सांगितलं.

७ मार्च
नव्या सोर्सआधी तपासणीवाले आले. गोळी गोदामातल्या नळीत सापडली. मीटर लावलं होतं का, साहेबांनी विचारलं. लावलं होतं म्हटलं. खोटं नाही. नळी कशी आणली? गाडीतून. मांडीचं कुणी विचारलं नाही.
चाळीस मिनिटं म्हणजे काय मोठं? माणसं अख्खा दिवस उन्हात काढतात.

१२ मार्च
मेहुण्याच्या मांडीवर तळहाताएवढा लाल डाग. बायको म्हणाली, भाजल्यासारखा दिसतोय. घामोळं असेल, पावडर लाव म्हटलं.

२९ मार्च
डाग फुटला. काय काम करता, डॉक्टरांनी विचारलं. मेहुण्याने सगळं सांगितलं, मांडीचंसुद्धा. भावोजी म्हणाले मीटर बिघडलंय, असं म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी हो म्हणावं म्हणून.
परीक्षा आज होती. पुढच्या वेळी नक्की.

१७ मे
पाय मांडीपासून काढला.
बायको दवाखान्याच्या जिन्यात बसली होती. मी समजावू लागलो. मीटर जुनं, नळी कंपनीची, गोळी तारेला अडकवायची कडी झिजलेली.
"ते राहू द्या," ती म्हणाली. "काटा टोकाला गेला, तेव्हा तुम्हाला कळलं होतं का?"
नाही म्हटलं. तिने मान हलवली, डबा उचलला आणि भावाकडे वर गेली. तिचा विश्वास बसला.
काटा टोकाला गेला तेव्हाच मला कळलं होतं. पण बावीस जोड झाले होते आणि मला घरी जायचं होतं.