एकोणिसावा भाग आणि आमची मोरी

मी, खाली सही करणारी लंकाबाई मोतीराम विधाते, वय वर्षे अडुसष्ट, धंदा फूलशेती, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने नव्हे तर धाकाचा कंटाळा आल्याने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. आणखी खात्री हवी असेल तर मी पाहिलेल्या जपानी मालिकांत कोणी कोणाचे मुंडके कोणत्या कारणाने उडवले ते क्रमाने सांगते म्हटले, तेव्हा त्यांनी घाईने शिक्का मारला.

पुढच्या आठवड्यात माझ्या खुब्याचे दुसरे ऑपरेशन आहे. भूल उतरली तर उत्तम, नाही उतरली तर हा कागद उघडावा.

सदर मालिकांना मी कार्टून म्हणते. माझी नात वेदिका हिची त्यास हरकत आहे. "आजी, कार्टून नाही, ॲनिमे म्हणतात," असे ती दर वेळी सांगते. हरकत नोंदवली. माझ्या वकील निकिताताई यांची वेगळी हरकत आहे की मृत्युपत्रात टीव्हीचे काय काम. काम आहे. मालिका वगळल्या तर मी अशी वाटणी का केली हे कोणाला कळणार नाही, आणि माझा मुलगा महेश कोर्टात जाऊन सांगेल की म्हातारीला चळ लागला होता. तेव्हा सगळे इथेच लिहिते.

कलम १. घर. मखमलाबाद येथील राहते घर, त्याखालची जागा व मागची बोअर ही मी गणेशवाडीच्या बाजारात झेंडू आणि शेवंती विकून घेतली. खरेदीखत माझ्या नावाचे आहे. माझा नवरा मोतीराम याने त्यावर साक्षीदार म्हणून सही केली आणि घरी येऊन त्या सहीबद्दल मला बोअरच्या पाइपाने मारले. (त्याच्या हयातीत मी त्याला अहो म्हणत होते. या दस्तात म्हणणार नाही.) हे सर्व मी माझी सून दिशा महेश विधाते हिला, एकटीला, देत आहे. महेशला यातला दाराचा कोयंडाही मिळणार नाही. वडिलोपार्जित मळ्यातला त्याचा हिस्सा कायद्याने त्याचा आहे, तो त्याने सुखाने खावा.

कलम २. टीव्ही आणि त्यावरची माझी मते. टीव्ही वेदिकाचा. खुब्याचे हाड मोडून मी खाटेला खिळले तेव्हा तिनेच तो माझ्या पायथ्याशी आणून लावला. सुरुवातीला तिच्यासाठी पाहत होते, मग ती कॉलेजला गेली तरी पाहू लागले. हिंदीत बोलणारे जपानी लोक पहिले दोन दिवस विचित्र वाटतात, नंतर आपलेच वाटतात.

पहिली मालिका बोंबलणाऱ्या सैनिकाची. त्याचे गाव कोणीतरी जाळलेले असते आणि तो एकेकाला शोधून मारत सुटतो. रक्त ठिबकची नळी फुटल्यासारखे उडते. त्याला माझी तक्रार नाही. तक्रार ही की हा इसम प्रत्येक वार करण्यापूर्वी त्या वाराचे नाव ओरडून सांगतो आणि समोरचा तोवर उभा राहतो. मी चौदा वर्षे मार खाल्ला आहे. मारणारा नाव सांगत नाही. तो जेवता जेवता मारतो. ताटातला हात तसाच खरकटा असतो आणि भाताची शिते आपल्या केसांत चिकटतात. वेदिकाला हे सांगितले तर तिने टीव्हीचा आवाज बंद केला. ही मालिका मला पटली नाही, पण शेवटच्या लढाईत तो सेनापतीचा जबडा फोडतो ते चांगले दाखवले आहे.

दुसरी मालिका चहाच्या दुकानाची. दोन बहिणी दुकान चालवतात, गिऱ्हाइके येतात, चहा पितात, जातात. एक नवरा रोज उशिरा येतो आणि बायको त्याला काहीतरी बोलते. तो हात उचलतो, तर मी अंग चोरले. त्याने वरच्या फळीवरचा डबा काढला होता. मी बारा भाग वाट पाहिली की आता मारील, आता मारील. मालिका संपली, कोणी कोणाला मारले नाही. वेदिका म्हणाली बोअर आहे. मी ती पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

तिसरी मालिका एकहाती पोरीची. तिच्याविषयी कलम ४ मध्ये लिहिते, कारण त्याआधी मोरीचे लिहिणे भाग आहे.

कलम ३. मोरी. आमच्या मोरीला खडबडीत शहाबादी फरशी आहे. ती मी स्वतः उभी राहून बसवून घेतली, गवंड्याला सांगून टाके घालून घेतले. सदर मोरी निसरडी नाही. हे मी शपथेवर लिहीत आहे.

आषाढात दिशाचे मनगट मोडले. दवाखान्यात तिने सांगितले, मोरीत घसरले. त्याच दिवशी, त्याच वेळी माझा खुबा मोडला. मीही सांगितले, मोरीत घसरले. एकाच मोरीत सासू आणि सून एकदमच कशा घसरल्या, हे कोणी विचारले नाही. शेजारच्या साळूबाई तेवढ्या हळदीचा लेप घेऊन आल्या, दोघींकडे पाहत बसल्या आणि वाटी ठेवून गेल्या.

घडले ते असे. महेश सिन्नरच्या कंपनीतून आला. भाजीत मीठ जास्त झाले होते. खरे तर मीठ मी घातले होते. त्याने दिशाचा हात धरून ओट्याच्या कडेवर आपटला. एकदा नाही. मी मध्ये पडले तर त्याने मला दोन्ही हातांनी ढकलले आणि मी उंबऱ्यावर पडले. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो त्यालाही ऐकू गेला असावा, कारण तो तसाच बाहेर पडला. तेव्हापासून सिन्नरला खोली घेऊन राहतो आणि दिशाला रोज फोन करतो. दसऱ्याला घरी येऊ का, असे विचारतो.

महेशला शिक्षा व्हावी म्हणून मी हे लिहीत नाही. त्यासाठी दिशा पोलिसांत गेली तर हा कागद तिने खुशाल दाखवावा. मोरीवरचा आळ काढावा म्हणून लिहीत आहे.

कलम ४. खुरपे, आणि एकोणिसावा भाग. एकहाती पोरीचा डावा हात पहिल्याच भागात खांद्यापासून तोडतात. एक राक्षस राजा तोडतो. ती मरत नाही. दात आवळून दोरी बांधते आणि उरलेल्या हाताने तलवार शिकते. तिच्या तलवारीला नाव आहे, आणि ते नाव घेतले की वारा सुटतो. माझ्या खुरप्याला नाव नाही, ते सिन्नरच्या बाजारातल्या लोहाराकडचे आहे. पण ही पोरगी मला आवडली. ती कमी बोलते.

एकोणिसाव्या भागात ती राजाला गाठते. त्याचे दोन्ही हात छाटते, पोट फाडते, तो बर्फात कोसळतो. आता मान उडवायची, तेवढ्यात त्या राजाचे लहानपण सुरू होते. वेदिका म्हणते याला फ्लॅशबॅक म्हणतात, आणि मरणाऱ्याला तो मिळतोच. राजा लहान आहे, उपाशी आहे, त्याचा बाप त्याला खांबाला बांधून चाबकाने फोडतो आहे. मी हाताला प्लास्टर बांधलेल्या दिशाकडे पाहिले. ती रडत होती.

ती म्हणाली, "आई, यांचं लहानपण तर तुम्ही पाहिलंय. त्यांनाही असंच मारलंय ना हो. येऊ द्यावं का दसऱ्याला?"

मी टीव्ही बंद केला. मला इतका राग आला की हातातला रिमोट मी भिंतीवर मारला. तो आता चिकटपट्टीवर चालतो. राग मालिकेचा नव्हता. दिशा म्हणत होती ते खरे होते, त्याचा राग होता.

महेशचा फ्लॅशबॅक मला ठाऊक आहे, त्यात मी स्वतः आहे. महेश सात वर्षांचा होता. त्याच्या हातून शेवंतीची पाटी सांडली. मोतीरामने त्याला पायाला धरून फरफटत नेले आणि हौदात डोके बुडवून धरले. पाय झाडणे थांबत आले तरी सोडीना. मी वाफ्यात होते. धावत आले आणि हातातले खुरपे मोतीरामच्या पोटरीत घातले. मुठीपर्यंत नाही, पण हाडाला लागले. काढले आणि पुन्हा घातले. तो ओरडला तो आवाज मला आजही गोड वाटतो. त्यानंतर तो मरेपर्यंत लंगडला आणि घरात कोणावर हात उचलला नाही.

गावाला आम्ही सांगितले, पाण्याच्या मोटारीचा पट्टा लागला. ओल्या केसांनी महेश स्वतः घरोघर सांगत फिरला, "बाबांना पट्टा लागला." चांगले सांगितले त्याने, सगळ्यांना पटले. पट्टा काय आणि मोरी काय, बोलायचे कसे हे तो माझ्याच घरात शिकला.

तर ते खुरपे, जे महेशला वाचवायला चालवले, ते मी दिशाला देते. धार लावून ठेवली आहे. ते वापरावेच असे माझे म्हणणे नाही. दाराच्या आत खुंटीला असावे आणि महेशला ते दिसावे.

आता अट. रिमोट आपटल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दिशा बाजारात गेली तेव्हा मी एकोणिसावा भाग जिथे बंद केला होता तिथून लावला. मला वाटले होते पोरगी विरघळणार, तलवार टाकणार, आणि मग मी या जपान्यांना जन्मभर शिव्या देणार. तसे झाले नाही. ती राजाशेजारी बर्फात बसते आणि त्याचे सगळे लहानपण शेवटपर्यंत ऐकते. त्याचे डोळे पुसते. स्वतः रडते. मग उठते आणि त्याची मान उडवते. रडणे थांबत नाही आणि हातही थांबत नाही. मी खाटेवर एकटी मोठ्याने म्हणाले, शाब्बास.

दिशाने ते पाहिलेले नाही. माझ्या रागापायी तिने अर्धेच पाहिले. म्हणून अट अशी: घराचा ताबा घेण्यापूर्वी दिशाने एकोणिसाव्या भागाचा राहिलेला अर्धा भाग पाहावा. सोबत वेदिकाने बसावे. निकिताताई म्हणतात अशी अट कोर्टात टिकणार नाही. न टिको. दिशाला मी ओळखते, ती पाळील.

कलम ५. महेश. महेश दारात येईल. हात जोडील, रडेल, हौदाची गोष्ट सांगेल. दिशा, ती गोष्ट खरी आहे. मी तिची साक्षीदार आहे, आणि ती ऐकून तुला रडू आले तर रड. बाहेरच्या ओट्यावर त्याला बसायला दे, पाणी दे, पूर्ण ऐकून घे. मीही ऐकले असते. तो माझा मुलगा आहे, माझे त्याच्यावरचे प्रेम तुटलेले नाही आणि तुटणारही नाही. ऐकून झाले की आत जा आणि कडी लाव.

त्याला मी मोटारीचा जुना पट्टा देत आहे. तो पडवीत खिळ्याला लटकतो आहे. सदर पट्ट्याने आजवर कोणालाही इजा केलेली नाही.

कलम ६. किरकोळ. चांदीचे गोठ वेदिकाला. तराजू आणि फुलांच्या पाट्या टेम्पोवाल्या गोरक्षला मिळाल्या असत्या, पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे निकिताताई म्हणतात. बिचाऱ्याने तरीही साक्ष दिली. मोतीरामच्या फोटोला हार घालायचा बंद करू नये, पण विकून उरलेला झेंडूच घालावा. माझ्या फोटोला ताजी शेवंती. चहाच्या दुकानाची मालिका वेदिकाने लग्नाआधी एकदा नीट पाहावी, बोअर झाली तरी. असेही घर असते हे तिला ठाऊक असावे.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निकिताताईंनी करावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. पूर्वी जे जे खोटे सांगितले, पट्ट्याचे व मोरीचे, ते या दस्ताने रद्द समजावे.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवले आणि सही केली.

सही: लंकाबाई मोतीराम विधाते

साक्षीदार १: गोरक्ष काठे, सही.

साक्षीदार २: साळूबाई मौले, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

अंगठ्याविषयी खुलासा माझ्याच हाताने लिहिते. कलम ३ ऐकल्यावर साळूबाई अंगठा लावायच्या थांबल्या. उठल्या, मोरीत गेल्या. बादली ओतल्याचा आवाज आला. मग त्या ओल्या फरशीवर अनवाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या आणि परत आल्या. पायाचे पाणी खोलीभर झाले. मी विचारले, काय. त्या सत्तरीच्या आहेत, समोरचे दोन दात ऐन तरुणपणीच गेलेले. म्हणाल्या, "नाय घसरत." मग शाईत अंगठा बुडवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आमची बी नाय घसरत, लंका."

ठिकाण: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: २६ सप्टेंबर २०२५