बंद पेट्या

जळगाव

प्रिय उजैर,

हे पत्र तुला पाठवायचं धाडस होणार नाही, तरी लिहितो. अंगणात आपण ठरवलेली शेड उभी राहिली. अब्बांच्या पद्धतीने मी सागवानी पेट्या सगळ्या बाजूंनी बंद जोडतो, वर पितळी वेल बसवतो. मग करवतीने झाकण कापून वेगळं करायचं. मी धरायचं, तू कापायचं, असंच ठरलं होतं ना?

तू सुरतेलाच घर घेतलंस, हे मी अम्मीला सांगितलेलं नाही. दयेपोटी की भीतीपोटी, मलाच कळत नाही.

आज एक पेटी एकट्यानेच कापली. करवत वेलीत घुसली.

अम्मी हसली, "तुझा हात कधी सरळ चालला?" मग वाकडी चीर चाचपत म्हणाली, "उजैर येणार नाही ना?"

मी करवत खुंटीला टांगायला वळलो, तशी ती म्हणाली,

"मग बाकीच्या बंदच राहू दे."

तुझा भाईजान,
कय्युम