जे आधी होईल ते

आज सकाळी हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की माझे हृदय आता फार दिवस साथ देईल, असे धरून चालू नये. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, हेही त्यांनीच स्पष्ट केले. डोके मात्र ठिकाणावर आहे असा दाखला त्यांनी लिहून दिला, तो या कागदाला जोडला आहे. "काही उरकायचं राहिलं असेल तर उरकून घ्या," त्या म्हणाल्या. किती वेळ आहे, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "आकडा नका मागू." गॅरेजच्या काउंटरवर बसून वर्षानुवर्षे आकड्यांवरची भांडणे ऐकलेल्या बाईला हे उत्तर पटले.

तरी मी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, खालच्या गॅरेजची आणि वरच्या घराची एकटी मालकीण, कोणी गळ घातली म्हणून नव्हे, कोणाच्या भीतीने नव्हे, तर पुरत्या शुद्धीत आणि पुरती दमलेली असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी असा कागद मी केलेला नाही. हाच पहिला आणि हाच शेवटचा समजावा. जागा माझ्या पगारातून घेतलेली आहे, त्यामुळे तिची वाट लावण्याचा हक्कही माझाच आहे.

मला दोन माणसे आहेत. एक, माझी एकुलती एक मुलगी. चाळिशीला आली तरी तिला सगळे छोटीच म्हणतात. दुसरे, माझे धाकटे दीर. त्यांना गिऱ्हाइकांसकट सगळे भाऊ म्हणतात. मी कागद न करता गेले तर सगळे छोटीला मिळेल आणि भाऊ स्वतः पाया खणलेल्या गॅरेजमध्ये पाहुणे ठरतील, असे वकीलबाईंनी समजावून सांगितले. तसे होऊ नये एवढ्यासाठीच मी पेन हातात घेतले. नाहीतर मला झोप प्यारी होती.

पहिले, घर. वरच्या तीन खोल्या छोटीला द्याव्यात. त्यातली मागची खोली, जिच्या खिडकीतून गॅरेजचा पत्रा दिसतो, ती भाऊंकडे त्यांच्या हयातभर राहील. जिन्यावर दोघांचा सारखाच हक्क. जिन्यात समोरासमोर आल्यावर एकाने भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, हा जो प्रकार सध्या चालतो, त्याला या कागदाचा आधार नाही.

दुसरे, बँकेतली ठेव. माझे अंत्यसंस्कार साधे करावेत. उरेल ते दोघांना निम्मे निम्मे. दागिने छोटीला. माझी टेकायची खुर्ची आणि रेडिओ जावयांना द्यावा. इतकी वर्षे या घरात जेवूनही त्यांनी इंजिन ऑइलवर एकदाही मत दिलेले नाही. या घरात याला संयम म्हणतात.

आता ऑइलविषयी लिहिते, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

माझे पती गाडीचे ऑइल दर पाच हजार किलोमीटरला बदलत. त्या काळच्या गाड्या आणि त्या काळचे ऑइल पाहता ते बरोबर होते. ते गेल्यावर भाऊंनी तो आकडा उराशी धरला. कोणी कारण विचारले की "दादानं सांगितलंय" एवढेच उत्तर. छोटी मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काम करून परत आली ती दहा हजार म्हणत. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तकात तसे छापलेले असते, हेही खरेच. पहिले काही दिवस मला बरे वाटले. घरात बोलणे होते.

"काका, ऑइल सुधारलं, इंजिनं सुधारली. तुमचा आकडा तेवढा म्हातारा झाला."

"आणि तुझ्या कंपनीला काय गं, इंजिन लवकर गेलं तर नवी गाडीच खपते. ही बघ ऑइल मोजायची पट्टी. काळंकुट्ट झालंय."

"काळं व्हायचंच. मळ धरून ठेवणं हेच त्याचं काम. तुमचा शर्टही काळा होतो, म्हणून रोज फेकता का?"

"माझा शर्ट काढू नकोस!"

"मी कुठे काढतेय? तुम्हीच काढा, धुवायला टाका."

यावर दोघे हसत असत. पुढे हसणे गेले आणि आकडे राहिले.

ऑइल बदलले की काचेच्या कोपऱ्यात पुढची तारीख सांगणारे छोटे स्टिकर लावायचे, ही आमच्या गॅरेजची जुनी पद्धत. माझ्या पतींच्या स्टिकरवर दोन ओळी असत. वर किलोमीटर, खाली महिने, आणि तळाला बारीक अक्षरात "जे आधी होईल ते". म्हणजे गाडी पळाली तर किलोमीटर धरा, उभी राहिली किंवा थोडीथोडीच फिरली तर महिने धरा. भांडण वाढल्यावर भाऊंनी स्वतःचे पिवळे स्टिकर छापून घेतले आणि छोटीने निळे. भांडण किलोमीटरचे, म्हणून दोघांनीही किलोमीटरच छापले, ठळक, लांबून दिसेल असे. खालच्या ओळीची आठवण कोणाला राहिली नाही. जिच्यावर वादच नव्हता, तीच ओळ गेली.

आमच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या निवृत्त शिक्षिकाबाईंची लहानशी गाडी त्यात सापडली. त्या रोज बहिणीला दोन गल्ल्या पलीकडे व्यायामोपचाराला सोडत आणि परत येत. इंजिन धड तापायच्या आत बंद व्हायचे. अशा गाडीत ओल आणि न जळलेले पेट्रोल ऑइलमध्येच राहते आणि हळूहळू त्याचा चिकट गाळ होतो. हे भाऊंना ठाऊक होते. छोटीलाही ठाऊक होते. बाई दरवर्षी काउंटरपाशी येऊन विचारत, "बदलायचं का हो?" हे दोघे गाडीचा आकडा बघत. पाच हजार झालेले नसत, दहा हजार तर नसतच. मग दोघे एका सुरात म्हणत, "अजून नाही."

त्या सगळ्या वर्षांत माझ्या घरातले एकमत ते तेवढेच.

गाडी भर चौकात जाम झाली. ओढून आणली, झाकण उघडले, आत काळी खरवड बसली होती. बाई आरडाओरडा करतील अशी माझी तयारी होती. त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "मला एवढंच सांगा, पुढच्या वेळी मी विचारायचं कोणाला?"

भाऊंनी छोटीकडे बोट केले. छोटीने भाऊंकडे. त्यानंतर ते दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत.

इंजिन गॅरेजच्या खर्चाने बांधून दिले. खालचा भाग भाऊंनी केला, वरचा छोटीने, एकाच टेबलावर, एक शब्द न बोलता. बाई अजून सांगतात की गाडी नवी होती तेव्हाही इतकी शांत चालत नव्हती. हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवते.

पुढे भाऊंनी गॅरेजच्या फरशीवर मधोमध पांढरी रेघ ओढली. तिच्यावर लाकडी पार्टिशन घालून द्या म्हणून ते समोरच्या सुतारांकडे गेले. सुतार म्हणाले, "भाऊ, मी कपाटं करतो. वाटण्या करत नाही." तेव्हापासून रेघ तशीच आहे आणि तिच्या टोकाला काउंटरवर मी आहे. एका हाताच्या अंतरावरून भाऊ म्हणतात, "वहिनी, तिला सांगा, बारा नंबरचा पाना जागेवर ठेव म्हणावं." तिथूनच छोटी म्हणते, "आई, काकांना सांग, तो त्यांच्याच खिशात आहे." नोकरीत मी लोकांचे फोन जोडून देत असे. तिथे निदान माणसे वेगवेगळ्या गावांत होती, आणि जोडून दिल्यावर मला कानावरचा हेडफोन काढून ठेवता येत असे.

तिसरे, हत्यारे. पतींचा लांब पेचकस, ज्याचे टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून ते आतला आवाज ऐकत, तो छोटीला द्यावा. छोटीने हौसेने घेतलेला टॉर्क पाना, जो बोल्ट नेमका किती आवळायचा ते टक् करून सांगतो, तो भाऊंना द्यावा. "माझा हात काय मेलाय?" असे ते म्हणतील. छोटी बाहेर गेली की ते तो वापरतात, हे काउंटरवरून दिसते. बाकी हत्यारांची वाटणी करू नये. अर्ध्या पान्यांनी कोणाचेच चाक निघत नाही.

चौथे, शेजारचा टायरवाला. आम्ही माझ्या पतींना पोचवून परतलो, त्याच संध्याकाळी तो चपला दाराबाहेर काढून आत आला आणि म्हणाला, "वहिनी, घाई नाही, पण कधी विकायचं मनात आलं तर आधी मला सांगा." त्याला या कागदाने काहीही मिळत नाही. पण पुढच्या कलमात त्याचे काम आहे, म्हणून इथे त्याची ओळख करून दिली.

पाचवे, गॅरेज आणि माझी गाडी.

माझी राखाडी गाडी कालपर्यंत काचेवर एक पिवळे आणि एक निळे स्टिकर घेऊन फिरत होती. दोन्ही मी आज नखाने खरवडून काढली. या गाडीचे पुढचे ऑइल कधी, हे छोटी आणि भाऊ यांनी एकमेकांशी, स्वतःच्या तोंडाने बोलून ठरवावे. चिठ्ठी चालणार नाही, मोबाइलवरचा निरोप चालणार नाही, जावई चालणार नाहीत. ठरल्यावर एकच स्टिकर करावे. त्यावर किलोमीटर, मग महिने, मग तळाची ओळ, आणि मागे दोघांच्या सह्या. आकडा कोणताही असू दे, मला त्याच्याशी देणेघेणे नाही. मात्र आकडा लिहिण्याआधी, ही गाडी कुठे जाते, किती वेळ चालते आणि कशी थांबते, हे चालवणारीला विचारावे. आजवर दोघांपैकी एकानेही ते विचारलेले नाही.

तसे स्टिकर काचेवर लागले तर गॅरेज, जागा, पाटी आणि गिऱ्हाइके दोघांना समाईक मिळतील, रेघ पुसून. न लागले तर गॅरेज टायरवाल्याला विकावे आणि पैसे निम्मे करावेत. टायरवाला नको, या एका बाबतीत माझ्या दोन्ही माणसांचे कधीच दुमत झालेले नाही. दुसरे काही त्यांना एका बाजूला आणील असे मला सुचले नाही.

मुदत: हे वर्ष संपेपर्यंत किंवा मी जाईपर्यंत, जे आधी होईल ते.

वकीलबाई इथे थांबल्या. "मावशी, हे फार कडक होतंय. तुम्ही उद्याच गेलात तर?"

"मग त्यांनी आज बोलायला हवं होतं," मी म्हटले.

त्यांनी चष्मा पुसला आणि कलम तसेच राहू दिले. मी हयात असताना स्टिकर लागले तर मी स्वतः बक्षीसपत्र करून गॅरेज दोघांच्या नावावर करीन, आणि मग या कलमाची गरज उरणार नाही. तसे व्हावे अशी माझी इच्छा आहे. इच्छापत्रात इच्छा लिहायला हरकत नसावी.

या कागदाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझी प्रकृती घरात अजून कोणाला ठाऊक नाही. गेले काही महिने मी बाजारात जाते असे सांगून दवाखान्यात जाते. दवाखाना पलीकडच्याच रस्त्यावर आहे. जायला पाच मिनिटे, मग गाडी बंद. यायला पाच मिनिटे, मग पुन्हा बंद. शिक्षिकाबाईंच्या गाडीसारखेच.

उद्या सकाळी गॅरेज उघडल्यावर माझी गाडी बरोबर पांढऱ्या रेघेवर उभी असेल, दोन चाके इकडे आणि दोन तिकडे. वकीलबाई येऊन फक्त पाचवे कलम मोठ्याने वाचतील आणि जातील. छोटी आधी माझ्यावर चिडेल. भाऊ नेहमीप्रमाणे "वहिनी, तिला सांगा" म्हणून सुरुवात करतील. मी काउंटरवर बसलेली असेन, पण लाइन जोडणार नाही. मग टायरवाला दारातून डोकावेल, कारण तो डोकावतोच, आणि त्याला पाहून दोघांपैकी एकाला कंठ फुटेल. आकड्यावरून भांडतील. भांडू देत, एकमेकांशीच भांडतील. आणि भांडता भांडता कोणीतरी माझ्याकडे वळून विचारील की ही गाडी जाते तरी कुठे.

तेव्हा मी खरे सांगेन.

लिहून ठेवणार: (सही)

वरील सही आमच्या दोघांच्या देखत झाली. सही करणाऱ्या बाई शुद्धीवर होत्या आणि मधूनच आम्हाला बिस्किटे घ्या म्हणत होत्या.

साक्षीदार पहिल्या: निवृत्त शिक्षिका, गॅरेजच्या जुन्या गिऱ्हाईक (सही)

साक्षीदार दुसरे: समोरचे सुतार (सही)

स्थळ: गॅरेजच्या वरची पुढची खोली

दिनांक: ७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार