हॉलिन्स वनातील रुंद फाटक ब्लूबेल फुलण्याच्या दिवसांत उघडण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
उद्याने व वनराई विभाग,
विदरडेल नगर परिषद, विदरडेल.

विषय : हॉलिन्स वनातील रुंद फाटकाचे कुलूप येत्या रविवारपूर्वी काढण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे मला आलेले उत्तर, ज्यात 'जुलैमध्ये पाहणी' असे म्हटले आहे.

महोदय,

मी ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस आहे. वाचकांना हळू बोलायला सांगणे हे माझे काम होते आणि तेही मला कधी नीट जमले नाही. त्यामुळे तक्रार करताना माझी चूक होत असेल ही शंका आधीच नोंदवतो. या अर्जाचे आधीचे मसुदे मला फार कडक वाटले म्हणून मी फाडले. हाही कडक वाटल्यास क्षमा असावी, पण हा मी फाडणार नाही.

१. माझी थोरली बहीण कुमारी बेरिल थ्रेलफॉल माझ्यासोबत राहते. हॉलिन्स वनातली ब्लूबेलची निळी फुले पाहायची रविवारची फेरी तिने सुरू केली आणि पाय चालत होते तोवर तीच पुढे असे. मागच्या हिवाळ्यात तिचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत आहे. शिवाय तिच्या डोळ्यांचे पडदे निकामी होत चालले आहेत. पुढच्या वसंतात तिला रंग दिसतील असे आम्ही धरून चालू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे तिला वनातला निळा रंग पाहायचा तर तो याच वर्षी, आणि तोही आत्ताच. बीच वृक्षांची पाने पुरती उघडली की खाली सावली पडते आणि फुले कोमेजतात, हे आपणांस माहीत असेलच. माहीत नसेल तर आपण या विभागात कसे, हे मला कळत नाही. (हे वाक्य खोडावे की नाही याचा मी विचार केला. राहू दिले आहे.)

२. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून आपण शरद ऋतूत वनाच्या तोंडाशी नवे फिरते फाटक बसवलेत. त्यातून एका वेळी एकच माणूस, तोही अंग चोरून, जाऊ शकतो. खुर्ची जात नाही. शेजारी गवत कापणाऱ्या गाडीसाठी रुंद फाटक आहे, पण त्याला साखळी आणि कुलूप आहे. चावी आपल्या कार्यालयात आहे. माझी मागणी एवढीच, की ती चावी कोणीतरी घेऊन यावे.

३. आपले उत्तर असे आले, की खुर्चीसाठी रुंद फाटक उघडण्याआधी आतली वाट सुरक्षित आहे का याची पाहणी व्हावी लागते, पाहणीच्या वेळी खुर्ची वापरणारी व्यक्ती वाटेवर प्रत्यक्ष हजर असावी लागते, आणि फाटक पाहणीनंतरच उघडता येते. मी हे पुन्हा पुन्हा वाचले. माझीच समजण्यात चूक होत असावी असे वाटून बेरिललाही वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे मला आधी आत जाऊन दाखवायला हवं, मगच मला आत जाता येईल." शिवाय पाहणी जुलैत, कारण तेव्हा वाट कोरडी असते. जुलैत तिथे नुसते नेचे असतात, महोदय.

४. मी फोन केला. फोनवर बोलायची मला भीती वाटते, तरीही केला. आपल्या कार्यालयातल्या बाई सभ्यपणे बोलल्या. संकेतस्थळावर वनाची चित्रफीत आहे, ती घरबसल्या मोठी करून पाहता येईल, असे त्यांनी सुचवले. बहिणीची नजर जात चालली आहे असे मी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "पण वास तर फाटकापाशीही येतो ना, काका?" मी 'आभारी आहे' म्हणून फोन ठेवला. मला राग आला आहे, हे मला त्यानंतर पुष्कळ वेळाने कळले. तो अजून गेलेला नाही.

५. गेल्या रविवारी फेरी होती. बेरिलने हट्ट धरला म्हणून मी तिला फाटकापर्यंत नेले. सगळे एकेक करून फिरत्या फाटकातून आत गेले, आणि प्रत्येकाने जाताना तिची माफी मागितली. एवढ्या माफ्या मी एका सकाळी कधी ऐकल्या नव्हत्या. कुलपाकडे मात्र कोणी पाहिले नाही. आता फेरी नेणारे क्लेग पूर्वी बसचालक होते. फुले तोडायची नाहीत, पानांवर पायही ठेवायचा नाही, नाहीतर जमिनीतले त्यांचे कांदे उपाशी राहतात, हे ते बेरिलकडूनच शिकले. तेच क्लेग परत येताना मूठभर ब्लूबेल तोडून घेऊन आले.

"क्लेग, तू तोडलीस?" बेरिलने विचारले.

"तुमच्यासाठी, मिस थ्रेलफॉल. म्हटलं, निदान एवढी तरी..."

"मी आयुष्यभर लोकांच्या हातांवर फटके मारले यासाठी. ठेवून ये जा परत."

"परत कुठं ठेवू आता?" असे म्हणून तो भला माणूस रडायच्या बेतात आला. बेरिलने ती फुले मांडीवर घेतली. चहासाठी घरी पोचेपर्यंत त्यांनी माना टाकल्या होत्या. संध्याकाळी तिने मला विचारले, की ही निळी आहेत की करडी, खरं सांग. मी खरे सांगितले नाही.

६. एका भल्या माणसाला आपल्या कुलपाने फुले तोडायला लावली आणि ज्या बाईने ते वन सांभाळले तिच्याच मांडीवर ती आणून टाकली. याबद्दल मी आपल्याला क्षमा करू शकत नाही. असे मी आजवर कोणाला लिहिलेले नाही, पण लिहिले आहे.

७. सबब, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी बहिणीला घेऊन रुंद फाटकापाशी येत आहे. आपल्याकडून कोणी चावी घेऊन आल्यास मी त्यांचा ऋणी राहीन. कोणी न आल्यास मी साखळी कापणार आहे. त्यासाठीची लांब दांड्यांची कात्री क्लेग यांच्याकडून आणली असून ती कशी धरायची हे मी परसात जुन्या सायकलीच्या साखळीवर शिकत आहे. मला ते अजून नीट येत नाही, म्हणून थोडा वेळ लागेल. आत गेल्यावर फाटक मागे लावून घेऊ. आपण पोलिसांना कळवू इच्छित असाल तर जरूर कळवावे. त्यांनी फक्त वाटेवरच उभे राहावे, पानांवर पाय देऊ नये.

आपला नम्र, निदान रविवारपर्यंत,

एडविन थ्रेलफॉल
१४, टॅनर्स क्रॉफ्ट, विदरडेल
दि. २९ एप्रिल २०२५

सोबत :
१) नेत्रतज्ज्ञांचा दाखला.
२) नवीन साखळी व कुलपासाठी धनादेश. सही केली आहे, रक्कम आपण भरावी.