आत्यासाठी क्लॅम्प

१८ एप्रिल २०१७, तळासरी

राग अजून जात नाही. ताईच्या लग्नाच्या अल्बममध्ये आत्या कुठेच नाही. आमच्याकडे लग्न भटजी नाही, धवलेरी बाई गाणी म्हणून लावते, आणि त्या लग्नाची धवलेरी आत्याच होती! फोटोग्राफर सारखा म्हणायचा, "ओ मावशी, सरका." ती गाणं न थांबवता सरकत राहिली.

रविवारी चुलतभावाचं लग्न. फोटोग्राफर तोच. मैत्रिणीचा कॅमेरा आणि ट्रायपॉड मिळालाय, पण भिंतीवर लग्नाचा चौक काढतात त्या आमच्या खोलीत तीन पाय पसरायला जागा कुठे? म्हणून आज डहाणूला गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, सेल्फी स्टिक घ्या ना." मी खांबाला आवळायचा क्लॅम्पच मागितला, वर कॅमेरा खाली वाकवणारा बॉल हेड.

घरी खांबाला लावून पाहिला. आत्या म्हणाली, "ही कसली चिमटी? माझ्या डोक्यात पडेल गो!"

नाही पडणार. दोनदा लोंबकळून पाहिलं.

आधी ठरवलं होतं, आत्याला हटवतानाच फोटोग्राफरला कॅमेऱ्यात पकडायचं, सगळ्या पाड्याला दाखवायचं. पण खांबावरून पाहिलं तर तो उभा राहील ती जागा फ्रेममध्ये घेतली की आत्या अर्धी कापली जाते. मग कॅमेरा वळवून त्याची जागाच कापली. आत्या पूर्ण, हातांसकट. अख्ख्या लग्नात त्याचा फार तर कोपर दिसेल. दिसला तर तोही कापीन.