माझ्या रडण्यावरचं गाणं

माले, ता. मुळशी
१२ फेब्रुवारी

प्रिय स्वानंद,

इकडे ठीक आहे. हरभरा काढायला आला. ताईचे गुडघे कसे आहेत? तिला शेक घ्यायला सांग, तुझी आई माझं ऐकत नाही.

माझा सुपात तांदूळ पाखडतानाचा आवाज घेऊन तू गाणं केलंस, ते मला आवडलं होतं. नोकरी सोडून एकटा खोलीत बसतोस, एकच आवाज शंभरदा ऐकतोस, ताणतोस, कापतोस. मीही वाचायला अशीच शिकले, पुडीच्या कागदावरचा एक शब्द दिवसभर घोळवत. म्हणून घरात तुझी बाजू मीच घ्यायची.

रविवारी शेजारच्या अपेक्षाची हळद होती. डीजेवर तुझं नवं गाणं लागलं. तिच्या बहिणीनं, जुईलीनं, मला हाताला धरून ओढलं. "साळूकाकी, तुमच्या भाच्याचं गाणं हाय! पाव्हण्यावानी बसलाय काय? नाचा की!" मी उठलेही. तेवढ्यात त्या ठोक्यावर एक बाई हेल काढून म्हणाली, "पाणी मागितलं तुमी, थांबा म्हनले मी." परत तेच. परत. पोरी हात वर करून तिच्याबरोबर म्हणत होत्या.

ती बाई मी होते.

तुझे काका गेले त्या दिवशी, त्यांना उचलायच्या आधी, मी अंगणात तशी रडले होते. तुझ्या खिशात बारीक लाल दिवा दिसला होता मला, तो रेकॉर्डिंगचा हे तेव्हा कळलं नाही. वाटलं, पोरगं मान खाली घालून रडतंय.

मयतावर बाई काय बोलून रडली, ते आपल्यात नंतर कुणी काढत नाही. गोजराबाई मेलेल्या सासूला शिव्या देत रडली, दुसऱ्या दिवशी बायकांनी तिला चहा करून पाजला. एक शब्द नाही विचारला. ते बोलणं गेलेल्या माणसाशी असतं.

ताई फोनवर म्हणाली, "अगं, कोण रडतंय ते कुनाला कळतंय?"

मला कळतं. तुझे काका आजारी होते, दुपारी पाणी मागितलं. मी कामात नव्हते. पुस्तक वाचत होते. एवढं पान होऊ दे, म्हटलं. पान झालं, तांब्या घेऊन गेले, तर ते गेलेले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त त्यांना सांगितलं.

तुझा निरोप मिळाला. होळीला रिमिक्स काढतोस, ठोका वाढवतोस, आणि "मावशी, या वेळी तुझं नाव घालतो." मी नावासाठी रुसले असं वाटलं तुला.

हे गाणं काढून टाक, रिमिक्सही करू नकोस. मूळ रेकॉर्डिंगही पूस. लोकांच्या मोबाइलात गेलं ते परत येत नाही, एवढं समजतं मला. तू तरी ठेवू नकोस. तोवर इकडे येऊ नकोस. तुझ्यासमोर तोंड उघडायची आता भीती वाटते.

कै. जनार्दन यांची पत्नी,
साळूबाई